मंगळवार पेठेतला जनरल

नृसिंह सरनाईक लष्करात कधीच नव्हता. विशीत भरतीला गेला, छातीच्या मापात बसला नाही आणि पुढे एसटीच्या वर्कशॉपमधून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाला. पण आवाज भारदस्त आणि मिशा राखलेल्या. त्यामुळे हौशी नाटकात हवालदारापासून सेनापतीपर्यंत गणवेशातली प्रत्येक भूमिका त्याच्याकडेच यायची. मंगळवार पेठेत त्याला सगळे 'मेजर' म्हणायचे. अभिनयाचं पदक मात्र कधी मिळालं नव्हतं.

साठी उलटल्यावर हवी तशी भूमिका चालून आली. प्राध्यापक गुरुप्रसाद यांनी नाट्यस्पर्धेसाठी दुसऱ्या महायुद्धातल्या रुमानियावर नाटक लिहिलं होतं. त्यातला जनरल आघाडीवर लढतो, युद्ध चालू असतानाच मंत्री होतो आणि एका आदेशावर सही करतो. त्या सहीनं गावंच्या गावं रेल्वेच्या गुरांच्या डब्यांत भरून सीमेपार धाडली जातात. युद्ध संपल्यावर जनरल कोर्टात उभा राहून म्हणतो, "मी कुणाच्या अंगाला हात लावला नाही. मी फक्त सही केली." मग तुरुंग, आणि तिथेच मरण.

ते टाळीचं वाक्य होतं. नृसिंह ते आंघोळ करतानाही घोकायचा. बायको, मीनाक्षी, बाहेरून ओरडायची, "अहो जनरल, पाणी निवलं की!"

नाटकाचे लाइट मुनव्वरकडे होते. दोघं जुने सोबती. नृसिंह राहायचा त्याच इमारतीच्या तळमजल्यावर, सोसायटीच्या भाड्याच्या गाळ्यात, मुनव्वरचं पंपाच्या जळक्या मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान होतं. नृसिंह त्या सोसायटीचा सेक्रेटरी.

तालमी रंगात आल्या असताना शहरात कशावरून तरी दंगल पेटली. दुकानं बंद राहिली, मग उघडली. त्यानंतर सोसायटीचे चेअरमन दत्तप्रसाद एक कागद घेऊन वर आले.

"सरनाईक, मुनव्वरचा करार ह्या खेपेला वाढवायचा न्हाय."

"कुणी ठरवलं?"

"सगळ्यांनी. आमचं काय न्हाय हो, मानूस चांगलाच हाय. पण लोकं बोलत्यात. आगीचा धोका म्हणून कारण घातलंय."

"ह्या बिल्डिंगचं वायरिंग त्यानंच केलंय की!"

"मग राजीनामा द्या तुम्ही. दुसरा कोनतरी करील सही. उगं वाईट कशाला व्हताय?"

दुसरा कोणीतरी करेल, हे खरंच होतं. जिन्यात रोज भेटणारी ही माणसं. म्हातारपणी त्यांच्यात एकटं पडायचं, हेही नृसिंहला दिसत होतं. चहा निवायच्या आत त्याने सही केली.

दुसऱ्या दिवशी तालमीला मुनव्वर वेळेवर आला.

"अण्णा, कागद पोचला."

"अरे, ते कमिटीचं..."

"व्हय, ठाऊक हाय. कोर्टाच्या सीनला लाइट वरनं देऊ का बाजूनं?"

"गाळ्याचं काय करणार?"

"पेठ वडगावात मेव्हण्याची खोली हाय. पर हितली गिऱ्हाइकं तिकडं मोटार घिऊन येतील व्हय?" मुनव्वर केबल गुंडाळत राहिला. मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, "अण्णा, त्या डब्यातल्या मानसांचं पुढं काय हुतंय?"

"ते नाटकात न्हाय."

"बरं. वरनंच देतो."

स्पर्धेच्या दिवशी नृसिंह आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. डोक्यावरून पांढरा प्रकाश आला. त्यात त्याला प्रेक्षक दिसेनात, लाइटच्या टेबलाशी बसलेला मुनव्वरही दिसेना. "मी कुणाच्या अंगाला हात लावला नाही," तो म्हणाला आणि थांबला. तिथे थांबायचं ठरलेलं नव्हतं. पुढचं वाक्य निघालं तेव्हा आवाज फुटला.

टाळी थांबेना. परीक्षकांनी त्या फुटलेल्या आवाजाचं खास कौतुक केलं. पदक मिळालं. पेठेत फटाके वाजले, चेअरमननी त्याला फेटा बांधला.

मुनव्वरने सामान टेम्पोत चढवलं. "झ्याक झालं, अण्णा," म्हणाला आणि ड्रायव्हरशेजारी बसला. महिनाअखेर त्याने गाळा सोडला. पुढच्या नाटकाच्या वेळी नृसिंहने फोन केला, तेव्हा त्याने लाइटचं काम सोडल्याचं सांगितलं. वडगावात दुरुस्तीला मोटारी येत नव्हत्या. तो एका कारखान्यात रात्रपाळीचा वायरमन झाला होता.

गाळ्यात आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. नृसिंह भाजीची पिशवी घेऊन जिना चढायला लागला की आदर्श नावाचा दुकानदार हाक मारतो, "मेजर, पावणं आल्यात, ते कोर्टातलं म्हना की!"

नृसिंह पिशवी खाली ठेवतो, पाठ ताठ करतो आणि म्हणून दाखवतो. आवाज आता फुटत नाही.