रक्त द्यायच्या आधी हजार जोर

ऐंशी सालाच्या आसपास आमच्या पेठेत एक डॉक्टर आलता. मुंबईला शिकलेला, नाकातनं बोलणारा. दुसऱ्याच दिवशी मी त्याची नक्कल बसवली. "रोग छातीत यायच्या आधी रक्तात दिसतो. एन्झाइम वाढलं, की समजायचं, हृदयाच्या स्नायूला इजा व्हायला लागली." तालमीतली पोरं हसून लोळायची.

हसत न्हवता तो एकटा माझा चुलता. तालमीचा वस्ताद. आमचा आजा पंचेचाळिशीत छाती धरून गेलता आणि चुलत्यानं नुकती चाळिशी गाठलेली. त्याला उचगावच्या जत्रंत एक शेवटची कुस्ती धरायची होती. आजी आडवी आली. "आदी रगात तपास, मग लंगोट बांध."

आता तपासणी म्हटल्यावर आमचा गडी तयारी केल्याशिवाय जातोय व्हय? पहाटे उठून हजार जोर मारले, दोन हजार बैठका काढल्या. "रक्त कसं, तापवून द्यावं," म्हणाला. कानाला माती तशीच, अंगातनं वाफा निघत्यात, असा दवाखान्यात शिरला. सुई बघितल्यावर मात्र माझं मनगट असं आवळलं, की चार दिवस वळ होता.

एन्झाइम अफाट वाढलेलं. डॉक्टर नाकातनं म्हणाला, "कुस्ती बंद. तूप बंद. मटण बंद."

घरात सुतक आल्यागत झालं. काकी दुधी भोपळा उकडायला लागली. येणारा-जाणारा पावणा चुलत्याची नाडी बघून मान हलवायचा. त्यात एक तर म्हशींचा दलाल होता. जत्रा झाली. चुलत्याची कुस्ती दुसऱ्यानंच मारली. चुलता कट्ट्यावर बसून होता.

महिन्यानं परत रक्त दिलं. या खेपेला सगळं बरोबर निघालं. डॉक्टर चक्रावला.

"मागच्या वेळी सकाळी काही केलं होतं का?"

"काय न्हाय. हजार जोर, दोन हजार बैठका."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "अहो, स्नायूंना ताण पडला तरी हेच एन्झाइम वाढतं. माझंच विचारायचं राहिलं." मग म्हणाला, "तुम्हाला काही झालेलं नाही. पुढच्या वर्षी लढा की."

"साहेब, चाळिशीच्या गड्याला जोड द्यायला पंच औंदाच कुरकुरत हुते. पुढल्या साली दारात उभं करून घेत न्हाईत."

तो उठला. दवाखान्याचा जिना कठडा धरून, एकेक पायरी बघून उतरला. महिन्याभरात सवय लागलेली.