मामाचा मुतखडा

अबे पक्या, फोन ठेवू नको! आत्ता दवाखान्यात काय झालं ते ऐकच. तसे गुरुवारच्या वॉर्डातले किस्से माझ्याकडं ढीगभर साचलेत. मामा चौसाळ्याहून येतो, मी त्याला बीडच्या स्टँडवर घेतो, अन् संध्याकाळपर्यंत एक तरी किस्सा होतोच!

मामाला लघवीच्या पिशवीचा कॅन्सर. अगदी सुरुवातीचा. दुर्बिणीनं गाठ खरवडून काढली, मग सहा गुरुवार पिशवीत नळीनं बीसीजी सोडायचं. पण मामीनं बजावलं, "कुणी इचारलं तर मुतखडा म्हणायचं!" त्यांच्या पोरीची, सरूची, सोयरीक जमत आलेली ना, मोडायला नको.

*

पहिल्याच दिवशी सिस्टर म्हणाल्या, "काका, बीसीजी म्हणजे टीबीची लस."

मामानं लगेच बाही वर केली. "ही बगा खूण! दंडावर घेतलीय की. आता तिथं कावून?"

"आता हीच लस तिथं कॅन्सरशी भांडणार."

मामा एकदम सीरियस. "मंग खूण कुठं उठंल?"

अख्खा वॉर्ड हसला!

*

औषध दोन तास आत धरायचं, मग बसून लघवीला जायचं. मामानं चार तास धरलं! घामानं निथळला, पण उठेना.

डॉक्टर चिडले. "काका, दोन म्हणजे दोनच तास!"

"सायेब, कापसावर फवारा जितका टिकला, तितकी अळी जास्त मरती!"

*

औषधाच्या दिवशी दर लघवीनंतर संडासात ब्लीच ओतायचं असतं, लसीचे जंतू मरायला. मामीनं इतकं ओतलं, इतकं ओतलं, की शेजारीण नाक धरून आली.

"सरूला बगायला कलेक्टर येतोय का गं?"

*

अन् आज तीन महिन्यांनंतरची दुर्बीण. डॉक्टर म्हणाले, "पिशवी साफ! पण हा परत उगवू शकतो. तपासणी चुकवायची नाही, अन् बिडी कायमची बंद."

मामानं मला मिठीच मारली बे!

बाहेर आलो तर बाकावर कोण? सरूचे होणारे सासरे, पाली गावचे! हातात फाईल.

"लघवीतून रगत जातंय. डॉक्टर दुर्बीण घाला म्हणतेत. पर पाव्हणं, तुमचाबी मुतखडा बरा झालाच की! मी आपला मुतखड्यावर हुलग्याचा काढा घेतो." अन् उठलेच घरी जायला!

मामानं त्यांचा हात धरून खाली बसवलं.

"मला मुतखडा नव्हता पाव्हणं. कॅन्सर होता. लवकर घावला म्हणून निभावलं. तुमचं काय हाय, ते आधी बगून घ्या. मंग जा."

सासऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मामाच्या हातात दिली, अन् आत गेले.

मामा अजून ती टोपी मांडीवर घेऊन बसलाय. तेवढ्यात मामीचा फोन. "कुणाला कळलं तर न्हाई ना रे?"

मी "रेंज न्हाई" म्हणून कट केला अन् तुला लावला. तू मामीला काय सांगितलं असतंस बे?