एका भाकरीसाठी मी सांगितलं

"सोड ओटी," मालक म्हणाला.

माझी माय अंगणाच्या मधोमध उभी. कमरेला खोचलेला पदर तिनं दोन्ही मुठींत घट्ट धरलेला. भोवती गडीमाणसं, निंदणीहून आलेल्या बाया. माझा बा गोठ्याच्या दारात, हातात शेणाची पाटी घेऊन. आषाढातली दुपार होती.

"सोड म्हणलं ना."

मायनं ओटी सोडली. ज्वारी चिखलात पडली. दोन मुठी. त्याहून जास्त नव्हती.

मग मालकानं मला पुढं बोलावलं. "सांग व पोरी, काल काय सांगतलं तू? समद्यायले ऐकू जाऊ दे."

मी अकरा वर्षांची होते. मी सांगितलं. "माय रोज ज्वारी आणते. ओटीत."

आता माय माझ्याकडं बघेल, असं वाटलं. तिनं बघितलं नाही. ती खाली सांडलेल्या दाण्यांकडं बघत होती. तिथं कोंबड्या आल्या होत्या.

दिग्रसपासून दोन कोसांवरचं गाव. बा मालकाकडं सालदार होता, वर्षाच्या बोलीवरचा गडी. गोठ्यालगतची खोली मालकाचीच. काम आहे तोवर खोली. सालाची ज्वारी मिळायची ती जेठापर्यंत पुरायची. आषाढात मडकी पालथी. माय दिवसभर मालकिणीच्या घरी धान्य पाखडायची आणि सांजच्याला रानातून खुडलेल्या तरोट्याच्या पाल्यात मूठभर कण्या टाकून शिजवायची. चार माणसांना तेवढंच. धाकटी बहीण दोन वर्षांची होती. तिला वरचं पाणी पाजायचं, आम्ही खालचं खायचं.

आदल्या दिवशी मालकिणीनं मला मागच्या दाराशी बोलावलं होतं. हातावर भाकरी दिली. वर गरम वरण. त्या घरात मला कुणी कधी गरम काही दिलं नव्हतं. मी खात असताना ती गोड आवाजात म्हणाली, "तुह्या घरची ज्वारी तं सरली म्हणते माय. मंग कण्या कायच्या शिजवते व?"

लोक म्हणतात, लेकराला काय कळतं. मला कळत होतं. ओटी खोचताना माय आधी दाराकडं कशी बघते, ते मी पाहिलं होतं. ही बाई काय विचारते आहे, ते मला पक्कं कळलं होतं. मी शेवटचा घास गिळला. टोपल्यात अजून भाकरी दिसत होत्या. मी सांगितलं.

तिनं आणखी अर्धी भाकरी दिली. तीही मी तिथंच उभ्या उभ्या खाल्ली. बहिणीसाठी तुकडासुद्धा ठेवला नाही.

"चोट्ट्यायले माह्या जागेत जागा नाही," त्या दुपारी अंगणात मालक माझ्या बाला म्हणाला. "सांजच्या आत खोली मोकळी कर." बानं त्याचे पाय धरले. मालक पाय सोडवून आत गेला.

अर्ध्या सालात दुसरं कुणी कामावर घेईना. आमच्या आधी आमचं नाव पुढच्या गावात पोचायचं. मग आम्ही दिग्रसला आलो. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला टेकून पोती आणि तट्टे बांधले. पावसाळ्यात जिनिंग बंद, म्हणून तिथंही काम नाही. रेशनच्या दुकानात गेलो तर कार्ड मागितलं. कार्डासाठी तहसिलीत गेलो तर घर विचारलं. बानं हात करून भिंतीकडची दिशा दाखवली. बाबू हसला. घर नाही म्हणून कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून दाणा नाही. माय बाजारात झाडून काढलेलं धान्य मातीसकट वेचून आणायची. धुवायची. शिजवायची. तरी दाताखाली खडे यायचे.

बहिणीचं पोट फुगलं, हातपाय काड्यांसारखे झाले. कळंबची मावशी आली आणि तिला घेऊन गेली. "पोटभर तरी खाईन पोरगी," म्हणाली. एसटी गेल्यावरही माय बराच वेळ स्टँडवर उभी होती.

बहीण आज मावशीला माय म्हणते. माझ्या मायला मावशी म्हणते.

तीन वर्षांनी मालक स्वतः भिंतीपाशी आला. कापूस फुटला होता, वेचायला बाया मिळत नव्हत्या. बंडीवरून न उतरताच म्हणाला, "चाला परत. खोली तशीच हाय. येवढंच, की घरी जाताना बाईनं ओटी झाडून दाखवत जावं."

बानं मान हलवली. माय पोत्यांच्या गाठी सोडू लागली. का, ते मला माहीत होतं. खोली मिळाली की धाकटी परत येणार होती.

मी मध्ये उभी राहिले. "माय येनार नाही."

मालक हसला. "तूच तं सांगतलं होतं ना व?"

"हो. मीच सांगतलं. पन वर्षभर तुमच्याच घरी राबून आमी उपाशी काहून होतो, ते तुमी सांगा. समद्यायले ऐकू जाऊ द्या."

भिंतीलगतची माणसं गोळा झाली होती. मालकानं बैल हाकलले.

मायनं गाठी पुन्हा बांधल्या.  मग म्हणाली, "तवाबी तूच बोलली, आताबी तूच बोलली. मले कोनी इचारलं नाही."

त्या गोष्टीवर माय जन्मात एवढंच बोलली. ती खरं बोलली. नाही म्हटलं ते बरोबरच होतं, आजही म्हणेन. पण त्या नकारानं बहीण कळंबलाच राहिली. तेही माझ्याच माथी.

मी मायची माफी मागितली नाही. मागितली असती तर तिनं दिली असती आणि मी सुटले असते. मला सुटायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिला पहिल्यांदा विचारलं, "माय, तू तहसिलीत येतं का? काय बोलाचं ते तूच बोल."

मायनं केस बांधले. भिंतीलगतच्या सहा-सात बाया सोबत निघाल्या.

बाबूनं तेच विचारलं. "घर कुठं?"

"जिनिंगच्या भिंतीले लागून," माय म्हणाली. "लिहा."

त्यानं टाक खाली ठेवला. माय तिथंच दारात बसली. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाट उरली नाही. शिपाई ओरडला, तरी ती हलली नाही. कार्ड त्या दिवशी मिळालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

माझ्या हातून झालं ते यानं पुसणार नव्हतं. पुसावं म्हणून मी गेलेही नव्हते. मी फक्त एवढं ठरवलं होतं, की आता मायच्या आधी तोंड उघडायचं नाही. तिच्या मागं बसायचं. आणि ती उठेपर्यंत उठायचं नाही.