मावशीची घागर

डोळे मिटतात, कान अजून जागे आहेत. दुपार आहे. दाराशी उभा राहून माझा नवरा निखिल त्याच्या आईशी फोनवर बोलतोय. झोपलीय गं परत. काय होतंय म्हणजे? काही होत नाहीये. रिपोर्ट सगळे नॉर्मल. संध्याकाळी म्हणे मनाच्या डॉक्टरकडे जायचंय, मलाही चल म्हणते, पण मी म्हणतो तिथे जाऊन सांगणार का—

इथे त्याचं वाक्य तुटतं. की मी.

पलंगाच्या कडेला शैलामावशी उभी आहे. गेल्या श्रावणात गेलेली.

"सरक जरा. किती जागा अडवतेस."

मी सरकते. ती टेकते, पण गादी खचत नाही.

"काय होतंय, रेवे?"

"काही नाही."

"माझ्यापुढे नको गं. मी मेलेय. मला सांगून तुझं काय जाणारे?"

सांगते. भाजी चिरायला घेते आणि सुरी धरून उभीच राहते. पुढे काय करायचं ते माहीत असतं, हात हलत नाही. घास तोंडात फिरत राहतो. रडूही येत नाही. रडू आलं असतं तर निखिलला दाखवायला काहीतरी झालं असतं.

"त्याला सांगितलंस हे?"

"म्हणाला, कंटाळा सगळ्यांनाच येतो."

"मला हे म्हणायचे, फिरून ये जरा." मावशी पाय पुढे करते. चप्पल टाचेशी पार झिजलेली. "आले की फिरून."

पलंग आता चिपळूणच्या एसटी स्टँडवरचा बाक आहे. गाडी लागते, आम्ही चढतो, आणि आत

मंगल कार्यालयाचा हॉल. नवरात्रातली अष्टमी. उकडीच्या मुखवट्याची महालक्ष्मी उभी आहे. बायका उदाच्या धुरात घागरी फुंकतायत, फू, फू, सगळ्या एका लयीत. लहानपणी पाहिलेलं आहे हे मी. फक्त तेव्हा भिंतीला दवाखान्यातल्या खुर्च्या लावलेल्या नव्हत्या.

मावशी घागर उचलते. फुंकते. घुमायला लागते. अंबाडा सुटतो. कोणीतरी ओरडतं, आली, आली! आणि विनूकाका, मावशीचे यजमान, घरी तिला नाटकं बंद कर म्हणणारे विनूकाका, हात जोडून पुढे येतात.

"आई, आमचं काही चुकलं का?"

"ही बाई बरी नाही." मावशीचा आवाज घागरीतून येतो. "हिला निजू द्या. हिला बोलू नका."

"होय आई."

"होय आई," सगळा हॉल म्हणतो. तिची ओटी भरतात. पायावर डोकं ठेवतात. काकाही.

मग ती थांबते, पदराने मान पुसते, माझ्याशेजारच्या खुर्चीत येऊन बसते. दमलेली.

"मावशी, देवी खरंच आली होती?"

"छे गं. घागर खोटी. सांगितलं ते खरं."

"असं का केलंस?"

"मी सांगत होते तेव्हा कोण ऐकत होतं? देवीला नाही कोण म्हणणार!"

"आणि मग?"

"मग काय, ऐट! ह्यांनी अंथरुणात चहा आणून दिला. दसऱ्यापर्यंत कोणी चकार शब्द काढला नाही. दसरा झाला, देवी उठली. म्हणाले, आता तूही ऊठ."

ती पुढे कधी नीट उठलीच नाही. श्रावणात गेली ती स्वतःहून. घरात अजूनही हार्ट अटॅक म्हणतात.

हॉल रिकामा होतोय. कोणीतरी एकेक खुर्ची उचलून नेतंय.

"मावशी, मला कधी कधी वाटतं, मीच नाटक करतेय."

"बाथरूमची कडी लावून? नळ सोडून नुसती बसून राहतेस तेव्हा? तिथे बघायला कोण येतं गं तुझं नाटक?"

मी खुर्चीत पाय वर घेऊन बसते.

"डॉक्टरकडे एकटी जाऊ नकोस. मी एकटीच गेले होते. दारावरची पाटी वाचून परत आले."

"तो नाही येणार."

मावशी घागर माझ्या मांडीवर ठेवते. जड. गार. मी आत डोकावते तर तळ दिसत नाही.

"फुंक."

मी फुंकते.

"एवढ्याने काय होतंय? शेजारच्या खोलीत तरी जायला हवा आवाज."

मी घागर तोंडाशी आवळून धरते. काठ रुततो. मी फुंकते, फुंकते, श्वास संप—

पडद्याच्या फटीतून ऊन. निखिल माझ्यावर वाकलेला आहे, फोन खिशात.

"कसला आवाज काढत होतीस झोपेत? आणि हे काय झालंय?"

मी बोट लावून बघते. खालच्या ओठाखाली, या गालापासून त्या गालापर्यंत, कमानीसारखा खोल वळ. मोबाईलच्या काचेत बघते. काळानिळा आहे.

तो धावत स्वयंपाकघरात जातो. फ्रीजचं दार. बर्फाचा ट्रे ओट्यावर आपटल्याचा आवाज. नॅपकिनात बर्फ घेऊन येतो, माझी हनुवटी हातात धरतो. इतक्या हळू त्याने मला कित्येक महिन्यांत धरलेलं नाही.

"आपटलीस का कुठे? सांगायचं नाही का! संध्याकाळी येतो मी तुझ्याबरोबर. खूप दुखतंय?"

"हो," मी म्हणते. "खूप."

वळ मुळीच दुखत नाहीये.