ते ठिगळ नव्हतं

पुंडलिकनाना गेल्याचं कार्ड देवपूरहून आलं तेव्हा मी जळगावच्या आमच्या कचेरीत होतो. अशुभ बातमीचं कार्ड वाचलं की फाडून टाकायचं असतं. माझ्याच्यानं ते झालं नाही, घडी घालून खिशात ठेवलं. रजेवर घरी गेलेला धडधाकट माणूस चार दिवसांच्या तापात जातो... आणि आठवड्यानं आम्ही कचेरीत शोकसभा भरवतो. त्या सभेतून मी जो चिडून बाहेर पडलो, तो महिना झाला तरी निवलेलो नाही. अध्यक्ष आमचे साहेब. उपरणं सावरत म्हणाले, "नाना म्हणजे मूर्तिमंत साधेपणा! जन्मभर ठिगळाची विजार घातली, पण तोंडातून कधी तक्रार नाही." चार जणांनी माना डोलावल्या. साधेपणा कसला, डोंबलाचा! ते ठिगळ नव्हतंच मुळी. आणि हे साहेबांना खुद्द नानांनी माझ्यासमोर सांगितलेलं होतं.

नाना देवीची लस टोचायचे. मुक्काम रावेरला आणि हद्द थेट सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत. लस उन्हानं वाया जाते, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेली पेटी सायकलला बांधून ते तांबडं फुटायला निघायचे आणि ऊन चढायच्या आत गाव गाठायचे. केळीच्या बागांमधले गाडीवाटेचे रस्ते, दिवसाकाठी वीस-पंचवीस मैल. अशा माणसानं कमरेखाली काय घालावं, हा प्रश्न ज्याला फालतू वाटतो त्यानं एकदा ती वाट सायकलीवरून तुडवून पाहावी. पहिल्या वर्षी नानांनी धोतर नेसून पाहिलं. साखळीनं सोगा ओढला आणि नाना भर बाजारात सायकलसकट आडवे! मग अर्धी चड्डी. तापलेल्या सीटला मांड्या चिकटायच्या, शिवाय गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या ते वेगळंच. लेंगा वाऱ्यानं फुगायचा आणि त्याचे पाय पुन्हा साखळीत. शेवटी भुसावळच्या एका शिंप्याकडून खाकी पँट शिवून घेतली, चांगली ऐटबाज. पण तिच्या चारही शिवणी नेमक्या बुडाखाली येऊन भेटायच्या. खुर्चीवर बसणाऱ्याला त्याचं काही नाही. दिवसभर पायडल मारणाऱ्याला ती करवतच.

त्या करवतीनं नानांच्या जांघेत गळू धरलं. आठ दिवस ते पालथे पडून होते. त्याच आठवड्यात डोंगराजवळच्या एका वस्तीवर जायची त्यांची पाळी होती, आणि त्याच आठवड्यात तिथे देवी आल्या. दोन पोरं गेली. नानांना कुणी जाब विचारला नाही. पण ते मला एकदा, एकदाच म्हणाले होते, "अरे, देवीनं नाही नेली ती पोरं. माझ्या विजारीच्या शिवणीनं नेली." त्यावर मी काहीतरी समजुतीचं बोललो असेन. काय बोललो ते आता आठवत नाही.

त्यानंतर विजारीचं काम वहिनींनी हातात घेतलं. नानांची बायको, माहेर धुळ्याकडचं, शाळा पाहिलेली नाही. त्यांनी ती खाकी पँट उसवली. चार शिवणी जिथे मिळतात तिथलं कापड सरळ कापून काढलं आणि त्या जागी एकसंध तुकडा घातला. तो कसला? त्यांच्याच जुन्या हिरव्या लुगड्याचा, धुऊन धुऊन लोण्यासारखा मऊ झालेला. शिवणी सगळ्या बाहेरच्या अंगाला, आत अगदी गुळगुळीत. कमरेला नाडी, तिची गाठ पोटावर न येता कुशीला. पोटऱ्यांशी बटणं, म्हणजे साखळीची भीती गेली. एकदा जमलं नाही, दुसऱ्यांदा जमलं नाही. असं करता करता चार वर्षं गेली. पण एकदा जमल्यावर नानांची एकही पाळी चुकली नाही. लांबून हिरव्या बुडाची विजार दिसली की वस्तीवरची पोरं "टोचाले उना, टोचाले उना!" करत पळायची आणि आया त्यांना धरून आणायच्या.

मग इन्स्पेक्टरची जागा निघाली. हक्क नानांचा होता, यात कुणाला शंका नव्हती. नाना त्या दिवशी वाटेवरचं एक गाव उरकून, तसेच सायकलीवरून भुसावळला आले आणि तिथून गाडीनं कचेरीत. साहेबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पुंडलिकराव, इन्स्पेक्टर म्हणजे कचेरीचं तोंड. आणि तुम्ही ठिगळ लावून येता?"

"साहेब, ठिगळ नाही ते. तिथे शिवण येऊ नये म्हणून तुकडा घातलाय."

"पण कापड तर बायकी दिसतंय."

"बायकोच्या लुगड्याचंच आहे."

खोलीत हशा पिकला. मीही हसलो... खोटं कशाला सांगू? अक्षर चांगलं म्हणून साहेबांचे शेरे मीच लिहायचो. त्या दिवशीचाही मीच लिहिला: 'काम उत्तम. पोशाख पदास शोभेसा नाही.' जागा दुसऱ्याला गेली. नाना जाताना पाणी प्यायले, पेटी उचलली आणि स्टेशनावर गेले.

आणि आता तेच साहेब म्हणतात, साधेपणा! जी विजार दाखवून माणसाची बढती अडवली, तिचीच आरती! एवढ्यावर भागलं नाही. सभेनंतर मला बोलावून म्हणाले, "कचेरीत नानांचा फोटो लावू, खाली काचेच्या कपाटात ती विजार ठेवू. तुमचा घरोबा आहे, तुम्हीच घेऊन या."

देवपूरला गेलो. वहिनी ओसरीवर बसल्या होत्या आणि विजार त्यांच्यापुढे उसवून पसरलेली होती. बाजूला कोरं खाकी कापड, त्यावर कोळशानं आखलेलं माप. मी खाली मान घालून साहेबांचा निरोप सांगितला.

"इजार नही भेटाव, भाऊ," त्या म्हणाल्या. "काचमा ठेईसन काय करतीन ते? रावेरले त्यासनी जागावर नवा मानूस उना ना? त्याले शिवन टोचत नही का?"

नवा माणूस आला होता, आणि आठ दिवसांतच लंगडत चालत होता, हे मला ठाऊक होतं.

मग त्या आत गेल्या आणि ट्रंकेतून एक धोतर काढून आणलं. "साहेबले हाई द्या. लगीनमातलं शे. सायकलवर कधी चढनं नही."

दुसऱ्या दिवशी एसटीत बसलो तेव्हा माझ्या पिशवीत दोन वस्तू होत्या: ते जरीकाठी धोतर, आणि नवी खाकी विजार. तिच्यात नानांच्याच विजारीतला हिरवा तुकडा बसवलेला होता. तितका मऊ दुसरा कुठून आणणार?

धोतर साहेबांच्या टेबलावर ठेवलं. विजारीचं विचारलं तेव्हा म्हटलं, ती कामावर गेली. ते काय समजायचं ते समजले. धोतर कपाटात ठेवलं आणि मला म्हणाले, "खाली पाटी लिहा. 'साधेपणाचा आदर्श'. तुमचं अक्षर चांगलं आहे."

या वेळी मी नाही म्हणालो.

पाटी अजून कोरीच आहे. रोज कचेरीत शिरताना ती दिसते. आणि तिकडे रावेरला, ऊन चढायच्या आत, हिरव्या बुडाची विजार सायकलीवर निघालेली असते.