ओनोदेरा-सानांची शेवटची ओळ

ओनोदेरा-सान बिल्डचा लॉग शेवटून वाचायचे. प्रोग्राम जुळवून तयार झाला, म्हणजे बिल्ड संपला, की आम्ही बाकीचे त्या नोंदींत चुका शोधायचो. हे गृहस्थ मात्र थेट तळाशी जाऊन शेवटच्या ओळीवर बोट ठेवायचे, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचे आणि मगच चहाला उठायचे. ‘तपासणी: साचिए’ एवढीच ती ओळ. साचिए नावाचं ऑफिसात कुणी नव्हतं. मी कधी विचारलं नाही. जपानमध्ये पहिली दोन वर्षं माणूस काही विचारायला बिचकतोच.

मी ग्योतोकु या उपनगरातून त्या ऑफिसात जायचो. ते साठीला टेकलेले, मी तिशीतला. माझ्या आडनावाचं ‘कुरुकारुनी-सान’ करून ते मला हळू, सोप्या जपानीत शिकवायचे. बिल्डची फाइल त्यांनीच लिहिलेली. तिच्यात शेकडो व्हेरिएबल, म्हणजे नुसती नावं. त्यांच्या जागी खरी किंमत बिल्ड करणारं टूल भरतं. कधी भरायची, ते चिन्हावर ठरतं. नुसतं बरोबरचं चिन्ह असेल तर नाव जिथे वापरलंय तिथे पोचल्यावर टूल किंमत शोधतं. चिन्हाआधी दोन टिंबं दिली, की वाचताक्षणी हाती असेल ते कायमचं. ओनोदेरा-सानांनी सगळीकडे टिंबांशिवायच लिहिलं होतं. “घाईनं उत्तर मागू नये,” ते म्हणायचे. “फाइल आधी शेवटपर्यंत वाचू द्यावी. पुढे काय येईल, कुणाला ठाऊक?”

आता मी पडलो पुण्याचा. दुसऱ्याच्या कामात सुधारणा केल्याशिवाय घास उतरत नाही. दर वेळी नव्यानं शोधाशोध होत असल्यामुळे बिल्डला अकरा मिनिटं लागायची. एका मंगळवारी ते मीटिंगला गेलेले असताना मी सगळीकडे टिंबं देऊन टाकली. अकराची चार मिनिटं झाली, आणि एकही चूक नाही. मी कॉलर ताठ करून त्यांना बोलावलं.

“ओनोदेरा-सान, मिनिटं बघा.”

त्यांनी बोट तळाशी नेलं. ‘तपासणी:’ आणि पुढे काही नाही. ते नाव फाइलच्या अगदी शेवटी जोडलेल्या एका जुन्या फोल्डरमधून यायचं. माझ्या टिंबांमुळे टूलनं ते वरच, फोल्डरपर्यंत पोचण्याआधीच मागितलं, मिळालं नाही, म्हणून जागा रिकामी ठेवून पुढे गेलं. या टूलची रीतच ती, नसलेल्या नावासाठी ते थांबत नाही.

“लगेच पूर्ववत करतो,” मी घाबरून म्हणालो.

“साचिए माझी बायको,” ते स्क्रीनकडेच बघत म्हणाले. “उत्तरेला किनाऱ्यावर आपली लहान शाखा होती, तिथे ती तपासणी करायची. त्सुनामीनंतर सापडली नाही. शाखा बंद झाली, फोल्डर राहिलं. न सापडलेल्या माणसाच्या मृत्यूचा अर्ज घरच्यांनी द्यायचा असतो. चार वर्षं झाली, मी दिलेला नाही. अर्ज दिला की ते ठरतं. इथे तिचं नाव रोज येत होतं, तोवर काही ठरलं नव्हतं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी टिंबं काढायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. इथे कुणी असा कुणाचा हात धरत नाही.

“राहू द्या, कुरुकारुनी-सान. फाइल बरोबर आहे. आता वेगानं चालतेय.”

त्याच वर्षी ते निवृत्त होऊन उत्तरेला गेले. फाइल माझ्याकडे आली. आजही बिल्ड संपला की त्या ओळीकडे बघायची माझी छाती होत नाही. वाटतं, कुणाच्या तरी घरात न विचारता शिरून दिवा मालवून आलो.

त्या मंगळवारनंतरच्या शुक्रवारी त्यांनी रजा घेतली होती. सोमवारी आले ते गावाकडची मिठाई घेऊन, आणि रिवाजाप्रमाणे प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवत फिरले. माझ्यापाशी थांबून म्हणाले, “अर्ज दिला.” मग एखादी किरकोळ दुरुस्ती सांगावी तसे ते म्हणाले, “पहिला अर्ज वाया गेला. मृत्यूची वेळ विचारली होती. मी मंगळवार, दुपारी सव्वाचार असं लिहून बसलो. खिडकीवरच्या बाईंनी दुसरा कोरा अर्ज पुढे केला.”

मंगळवारी सव्वाचारला मी त्यांना मिनिटं बघायला बोलावलं होतं.