लाल झाकणाचा आठवडा

मेरिन हेरनच्या घरात भिंतीवरचं बटण दाबून दिवा लावायची बंदी होती. बटण दाबलं की नवऱ्याने रचलेली सगळी यंत्रणा गोंधळायची आणि मग तो संध्याकाळभर ती सुधारत बसायचा. दिवा हवा तर तोंडाने मागायचा. हात पिठाने माखलेले असताना मेरिनने स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या विनवण्या करायच्या आणि घराने गोड आवाजात 'गॅरेजचं दार उघडत आहे' म्हणायचं, हे तिने किती सोसावं? डोक्यावर मिरे वाटणं म्हणतात ते हेच.

नवरा लॉकी एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळायचा, मागच्या खोलीत बसून. त्याच्या कामात ऑन-कॉल नावाचा प्रकार होता. पाळीच्या आठवड्यात फोन वाजला की हातचा घास टाकून लॅपटॉपपाशी धावायचं. त्या आठवड्यात बिअर नाही, आणि समुद्रावर गेलं तरी लॅपटॉप वाळूत टॉवेलवर. मुलगी पिप सात वर्षांची झाली त्या दिवशी ती मेणबत्त्या फुंकायला वाकली आणि फोन वाजला. फोटोत बापाच्या जागी खुर्ची आली आहे. लॉकीसाठी ऑन-कॉल हा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

कामातून उरलेला वेळ तो घराला द्यायचा, हे मात्र कबूल केलं पाहिजे. घराला म्हणजे भिंतींना, दारांना आणि पडद्यांना. फ्रीझरचं तापमान वर गेलं की त्याच्या फोनवर रेघ वर जायची. बागेतल्या नळाला पावसाची आगाऊ खबर असायची. पिपचा पोहण्याचा वर्ग कोणत्या दिवशी असतो ते मात्र मेरिनलाच माहीत असायचं.

मेरिन इस्पितळात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती. त्या जानेवारीत तिला वॉर्डप्रमुखाची जागा देऊ केली होती, आणि शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. एक आठवडा संध्याकाळची पाळी, एक आठवडा दिवसाची. आधी दोनदा विचारलं होतं. एकदा पिप लहान म्हणून ती नाही म्हणाली, दुसऱ्यांदा लॉकीच्या ऑफिसात काहीतरी मोठं चाललंय म्हणून. आता तिसऱ्यांदा नाही म्हटलं तर चौथ्यांदा कुणी विचारणार नव्हतं. ती जागा तिला हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

"संध्याकाळी तू एकटा असशील. पिपचं जेवण, आंघोळ, सगळं तुझ्यावर. घेऊ मी?" तिने विचारलं होतं.

"घे की," लॉकी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "घर काय, आपोआप चालतं."

"आपोआप?"

"मग. त्यासाठीच तर हे सगळं केलंय."

तेव्हापासून तो 'आपोआप' मेरिनच्या घशात अडकला होता. होकार द्यायला फोन उचलायचा आणि परत ठेवायचा, असं चाललं होतं.

लॉकीच्या साऱ्या करामतींत गल्लीने डोक्यावर घेतलेली एकच, फाटकावरचा दिवा. कचऱ्याच्या डब्यांपैकी एका आठवड्याला उष्ट्या-खरकट्याचा, लाल झाकणाचा जातो, दुसऱ्याला बाटल्या-कागदांचा, पिवळ्या झाकणाचा. डबे काढायच्या संध्याकाळी दिव्याचा रंग पाहायचा आणि तो डबा रस्त्याकडेला नेऊन उभा करायचा. पूर्वी जो तो शेजाऱ्याचा डबा बघून आपला काढायचा. आता सगळी गल्ली लॉकीचा दिवा बघायची. समोरचा नोएल, निवृत्त बसड्रायव्हर, त्याने तर पालिकेचं कचरागाडीचं कॅलेंडर फ्रिजवरून काढून टाकलं होतं.

नववर्षाच्या दिवशी नोएलच्या अंगणात गल्लीचं जेवण झालं, आणि कोळंबी इतकी झाली की टेबलं दिसेनात. कोळंबीची डोकी आणि सालं डबे काढायच्या संध्याकाळपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवायची, हे इथे पोराला चालायला यायच्या आधी कळतं. सगळ्यांनी ठेवली. पुढच्या बुधवारी संध्याकाळी फाटकावर लाल दिवा लागला.

पिशवी हातात घेऊन मेरिन थबकली. "लॉकी, मागच्या आठवड्यात लालच नेला ना रे?"

"मेरिन, दिवा आठवडे मोजतो. माणसं विसरतात."

तिला पक्कं आठवत होतं. तरीही तिने गोठलेली पिशवी लाल डब्यात टाकली, कारण यंत्राशी हुज्जत घालून ती दमली होती. डबा रस्त्यावर आला तसे मागोमाग गल्लीतले सगळे लाल डबे आले.

सकाळी आली ती पिवळ्या डब्यांची गाडी. पिवळे डबे नववर्षाच्या बाटल्यांनी भरून घरांमागे उभे. गाडीने रांगेतल्या एकाही लाल डब्याला हात लावला नाही आणि ती कोपऱ्यावरून वळून गेली. इथे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, आणि दिवस असा तापला की डांबराला चपला चिकटायला लागल्या. दुपार होईस्तोवर गल्लीत वास सुटला, आणि लाल गाडी यायला अजून पुरा आठवडा होता.

नोएल नाकाला रुमाल लावून फाटकाशी आला. "कुठाय तुझा शास्त्रज्ञ?"

"मीटिंगमध्ये."

"त्याला सांग, माझ्या अंगणातल्या माशा त्याला भेटायला थांबल्यात. जन्मभर बस चालवली, कधी चुकीच्या रस्त्याला लावली नाही. आणि ह्याच्या दिव्याच्या नादी लागून..." वाऱ्याची झुळूक आली आणि त्याने वाक्य तिथेच सोडलं.

लॉकी बाहेर आला तो हसत. मेरिनने लांबूनच ते हसू ओळखलं आणि तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

"सापडलं," तो म्हणाला. "मी वर्षाचे आठवडे मोजत होतो. विषम आठवडा लाल, सम आठवडा पिवळा. पण गेलं वर्ष निघालं त्रेपन्न आठवड्यांचं. त्रेपन्नावा विषम, आणि नव्या वर्षाचा पहिला, तोही विषम. म्हणून लागोपाठ दोनदा लाल. काय सुंदर बग आहे बघ. पाच-सहा वर्षांतून एकदाच सापडतो."

"सुंदर," नोएल रुमालातून म्हणाला.

"तासाभरात दुरुस्त करतो."

"डबा?" मेरिनने विचारलं.

"कोड."

मेरिनने खिशातून फोन काढला. सडक्या कोळंबीच्या वासात, भर उन्हात, फाटकाशी उभी राहूनच तिने इस्पितळाला फोन लावला. "मेरिन बोलतेय. ती जागा मी घेते. हो, पक्कं. सोमवारपासून." आणि फोन ठेवून ती नवऱ्याकडे वळली. "ऐकलंस ना? एक आठवडा मी संध्याकाळची असेन, पुढचा आठवडा संध्याकाळी घरी."

"म्हणजे विषम आठव..." लॉकीने जीभ चावली. नोएल उगाच आभाळाकडे पाहायला लागला.

"माझ्या संध्याकाळच्या आठवड्यात घराचा ऑन-कॉल तू. पिप, जेवण, डबे, सगळं."

तो शब्द ऐकल्यावर लॉकीचं हसू गेलं. तो नीट उभा राहिला आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बायकोकडे सरळ बघून बोलला. "ठीक आहे. पण मग बॅकअप कोण? ऑन-कॉलवाल्याला नाही जमलं तर मागे दुसरा माणूस लागतो. आमच्याकडे त्याशिवाय कुणाला पाळी लावतच नाहीत."

"इतकी वर्षं माझा बॅकअप कोण होता?"

लॉकीने फाटकावरच्या दिव्याकडे पाहिलं. मग डब्यापाशी गेला, श्वास कोंडून झाकण उघडलं, कोपरापर्यंत हात घातला आणि गळती पिशवी बाहेर ओढली. चेहरा पार वाकडा झाला होता.

"ही दोन पिशव्यांत बांधून परत फ्रीझरमध्ये ठेवतो," तो म्हणाला. "पुढच्या बुधवारपर्यंत."

"आधी पिपचं आइस्क्रीम बाजूला काढ. त्याला वास लागला तर ती आठवडाभर बोलणार नाही तुझ्याशी."

लॉकी पिशवी अंगापासून लांब धरून दारापर्यंत गेला. तिथे थांबला आणि मागे वळला.

"ते कुठल्या खणात असतं?"

मेरिनने सांगितलं नाही.